पोलिसाचं ‘यू’: अहो की अरे?

कंदीलवाला (धागाकर्ता)

गेल्या रविवारची गोष्ट. न्यू जर्सी. गाडी मुलगा चालवत होता, मी शेजारी. तो १७ वर्षांचा आहे, प्रोबेशनरी लायसन्स नुकतंच मिळालंय. इथे २१ च्या आतल्या नव्या चालकाने दोन्ही नंबरप्लेटना लाल स्टिकर लावायचा कायदा आहे, २०१० पासून. आमचा पुढचा स्टिकर कार वॉशमध्ये उडाला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. मागे लाल-निळे दिवे लागले.

मुलाने शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. शोल्डरला गाडी, इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पोलीस आला, वाकला आणि पहिलं वाक्य माझ्याशी बोलला: “हाऊ आर यू डुइंग टुडे, सर?” मग मुलाकडे वळून, “लायसन्स, बडी.”

मुलाने आवाज न चढवता विचारलं की मला का थांबवलंत ते सांगाल का. तेवढ्यावर माणसाचा चेहरा बदलला. “आय आस्क द क्वेश्चन्स, बडी.” लायसन्स घेऊन जो आपल्या गाडीत जाऊन बसला तो २२ मिनिटं. परत आल्यावर सरबत्ती. गाडी कुणाची, कुठून येताय, डिकीत काय आहे. स्टिकरचं नाव त्यानंतर निघालं. मी मध्ये पडलो, “सॉरी सर, ही इज जस्ट अ किड, सर.” वॉर्निंगवर सुटलो.

घरी येऊन मी मुलाला झापलं. पोलिसाला उलट प्रश्न विचारायची हौस कशाला? त्याने शांतपणे विचारलं, “बाबा, तू सॉरी कशाबद्दल म्हणालास?” मला उत्तर देता येईना. मग त्याच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाला, “तो तुला अहो करत होता, मला अरे. आणि तू माझ्याकडून पण त्याला अहो करून टाकलंस.”

दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मी चुकलो का? इथे मुलं वाढवणाऱ्यांनी लिहा.

निवांतराव

अजिबात चुकला नाहीत. २४ वर्षं या देशात काढली, पाच वेळा थांबवलं गेलो, तीन वॉर्निंग आणि दोन तिकिटं. माझा एकच नियम: वाद घालायचा तो कोर्टात, रस्त्याच्या कडेला नाही. त्याच्या कमरेला पिस्तूल आहे आणि तुमच्या कमरेला सीटबेल्ट. दोन वेळा सर म्हटल्याने कुणाची जीभ झिजत नाही.

हिंगाष्टक

‘बडी’ म्हणजे ‘अरे’ कधीपासून झालं? माझा मॅनेजर मला रोज बडी म्हणतो. उगाच काहीतरी.

रातराणी७

हिंगाष्टक, मॅनेजरचा बडी वेगळा, कारण तुम्ही त्याला उलट बडी म्हणू शकता. पोलिसाला म्हणून बघा एकदा :)

मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडजवळ राहते, म्हणून हे लक्षात आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तिथल्या पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्यातलं बोलणं लिहून काढलं आणि तपासलं. एका महिन्यातले ९८१ ट्रॅफिक स्टॉप, २४५ पोलीस. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शिवीगाळ त्यात नव्हतीच. त्यांनी शोधलं ते अगदी बारीकसारीक: सर, मॅम, आडनावाने हाक, थँक यू, सॉरी, थांबवण्याचं कारण सांगणं, ‘सांभाळून जा’ म्हणणं हे एका बाजूला. नुसत्या नावाने हाक, ‘माय मॅन’, ‘हात स्टिअरिंगवर ठेव’ हे दुसऱ्या बाजूला. म्हणजे इंग्रजीत तू आणि तुम्ही नाही म्हणून आपण जे गृहीत धरतो की तिथे सगळे सारखे, ते खोटं. ‘यू’ एकच असला तरी अहो-अरे त्याच्या आजूबाजूच्या शब्दांत असतं.

निष्कर्ष: सगळ्यात आदराची वाक्यं गोऱ्या चालकांच्या वाट्याला येण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी जास्त, सगळ्यात कमी आदराची काळ्या चालकांच्या वाट्याला येण्याची ६१ टक्क्यांनी जास्त. गुन्हा किती गंभीर, वस्ती कुठली, पोलीस स्वतः काळा की गोरा, हे सगळं धरूनही फरक उरलाच. कंदीलवाला, तुमच्या मुलाचा कान तयार आहे.

हिंगाष्टक

माझं म्हणणं मागे घेतो. ९८१ स्टॉप ऐकून काढले असतील तर ते माझ्यापेक्षा जास्त आहेत.

कलमबहाद्दर

वकील नाही, पण न्यू जर्सीत ट्रॅफिक कोर्टाच्या पायऱ्या बऱ्याच झिजवल्यात, म्हणून ऐकीव नाही ते लिहितो.

मुलाने कारण विचारलं यात बेकायदा काहीही नाही. पोलिसाशी तोंडी वाद घालणं, त्याच्यावर टीका करणं हे बोलण्याच्या स्वातंत्र्यात येतं, असं सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये ह्यूस्टन शहराच्या खटल्यात सांगितलंय. तिथेच असंही म्हटलंय की अटकेच्या भीतीशिवाय पोलिसाला शब्दांनी विरोध करता येणं हा मुक्त देश आणि पोलिसी राज्य यांच्यातला एक मुख्य फरक आहे. कागदावर.

आता दुसरी बाजू, तीही त्याच कोर्टाची. १९७७ चा मिम्स निकाल: साध्या स्टॉपमध्येही पोलीस चालकाला गाडीतून उतरायला सांगू शकतो, वेगळं कारण लागत नाही. १९९६ चा रेन निकाल: मनात दुसराच संशय असला तरी एखादा खरा वाहतुकीचा नियम मोडलेला सापडला की थांबवणं कायदेशीर. स्टिकर, काचेची टिंट, नंबरप्लेटचा दिवा, काहीही. रस्त्यावरचा ९० टक्के अधिकार इथून येतो (टक्का माझ्या मनचा आहे, हसू नका). आणि २०१५ चा रॉड्रिग्ज निकाल: तिकीट देण्याचं काम संपलं की वेगळा संशय नसताना ताटकळत ठेवता येत नाही. त्या खटल्यात वाद सात-आठ मिनिटांचा होता! तुमच्या २२ मिनिटांत तो काँप्युटरवर काय करत होता कोण जाणे, ते तपासायला कुणी जाणार नाही हा भाग वेगळा.

डिकीबद्दल: ‘डिकीत काय आहे’ विचारणं वेगळं आणि ‘उघडून बघू का’ विचारणं वेगळं. दुसऱ्यासाठी आपल्या राज्यात २००२ पासून आधी वाजवी संशय हवा. हे उगाच आलेलं नाही. १९९८ मध्ये टर्नपाइकवर एका व्हॅनमधून बास्केटबॉलच्या शिबिराला निघालेल्या चार तरुणांवर, तीन काळे आणि एक लॅटिनो, स्टेट ट्रूपर्सनी गोळ्या झाडल्या. पुढच्या वर्षी राज्याने मान्य केलं की रंग बघून थांबवलं जातं. मग दहा वर्षं न्यू जर्सी स्टेट पोलीस केंद्र सरकारच्या देखरेखीखाली होते. आपण ज्या टर्नपाइकने मराठी मंडळाच्या गणपतीला जातो तोच हा रस्ता.

सडेतोड

सगळं ठीक, पण एक कटू सत्य कुणी बोलणार आहे का? काळ्यांच्या वस्तीत गुन्हे जास्त, म्हणून पोलीस जास्त, म्हणून स्टॉप जास्त. यात रंगाचा काय संबंध? आणि आपला तर त्याहून नाही. आपली मुलं शिकतात, कर भरतो, नियम पाळतो. कंदीलवाल्यांचा पोलीस त्या दिवशी बायकोशी भांडून आला असेल.

बिनपाण्याचा

सडेतोड, मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावाच्या पोलिसांवरचा अहवाल बघा. न्याय खात्याचा, मार्च २०१५ चा. गावात काळे ६७ टक्के, थांबवलेल्या गाड्यांत ८५, अटकेत ९३. तुम्ही म्हणाल गुन्हे जास्त. पण झडती घेतल्यावर बेकायदा माल सापडण्याचं प्रमाण काळ्यांच्या गाड्यांत गोऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे संशयाची फूटपट्टीच वाकडी होती. ‘हुकूम न मानणे’ या कलमाखालचे ९४ टक्के गुन्हे काळ्यांच्या नावावर. आणि हे सगळं कशासाठी, तर दंडाच्या रकमेवर गावाचं बजेट चालवायचं होतं. त्याच खात्याने त्याच वेळी हेही सांगितलं की तिथे पोलिसाच्या गोळीने गेलेल्या मायकेल ब्राउन या काळ्या तरुणाच्या मृत्यूबद्दल गोळी झाडणाऱ्या पोलिसावर खटला भरण्याइतका पुरावा नाही. दोन्ही एकाच आठवड्यात आलं. त्यातलं अर्धंच सांगणारे दोन्हीकडे भरपूर आहेत.

रात्रीची गंमतही ऐका. स्टॅनफर्डच्याच दुसऱ्या गटाने देशभरातले सुमारे दहा कोटी स्टॉप तपासले. अंधार पडल्यावर, चालकाचा रंग दिसेनासा झाल्यावर, थांबवलेल्यांतला काळ्यांचा वाटा कमी होतो.

कॉर्नफ्लेक्सचिवडा

“आपला संबंध नाही” वर लिहायला लॉगिन केलं.

अलाबामा, मॅडिसन गाव, ६ फेब्रुवारी २०१५. सुरेशभाई पटेल, वय ५७, गुजरातहून मुलाकडे नातवाला सांभाळायला आलेले. सकाळी घराजवळ फेरफटका मारत होते. शेजारच्या कुणीतरी फोन केला की एक किडकिडीत काळा माणूस फिरतोय, घरं बघतोय. पोलीस आले. यांना इंग्रजी येत नव्हतं. ‘नो इंग्लिश’, ‘इंडिया’ आणि घराचा नंबर एवढं सांगत राहिले. त्यांना हात मागे धरून जमिनीवर आपटलं, मानेला इजा, अंशतः लुळे पडले. गव्हर्नरने माफी मागितली. पोलिसावर खटला चालला, दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशाने त्याला निर्दोष सोडलं. सगळं डॅशकॅमवर आहे.

माझे सासरे गेल्या उन्हाळ्यात असेच सकाळी सहाला, मागे हात बांधून, लोकांच्या बागा निरखत फिरायचे. कुणाची जास्वंद कशी आहे ते बघत. मला रोज ती क्लिप आठवायची. त्यांना काय सांगणार, बाबा, फुलं बघू नका?

फोनवर वर्णन ‘काळा’ असं गेलं होतं हे लक्षात घ्या. आपण स्वतःला काय समजतो याला काडीची किंमत नाही. समोरचा काय समजतो त्यावर ठरतं.

निवांतराव

हे वाचून वाईट वाटलं. पण यातूनही माझाच मुद्दा निघतो. भाषा, नियम, कसं वागायचं हे माहीत असलं पाहिजे. आपल्याकडे पोलिसाने थांबवलं की आपण उतरून कागद घेऊन त्याच्याकडे चालत जातो, ‘साहेब, साहेब’ करत. इथे तेच केलं तर त्याचा हात पिस्तुलाकडे जातो. माझ्या एका मित्राने नवीन असताना हे केलंय. दार उघडून एक पाय बाहेर ठेवला आणि लाउडस्पीकरवर जो आवाज आला, की पाय परत आत घेताना चप्पल रस्त्यावर राहिली.

संचालक

भारतातल्या पोलिसांवर वेगळा धागा आहे. इथे अमेरिकेपुरतं ठेवा. दोन प्रतिसाद हलवले आहेत.

मधलीसुट्टी

पोलिसांच्या बाजूने कुणीच नाही म्हणून मी. माझा भाचा डेप्युटी शेरीफ आहे. हो, मराठी मुलगा, आडनावाने ओळखू येईल म्हणून राज्य सांगत नाही.

एकदा त्याच्याबरोबर राइड-अलाँगला, म्हणजे त्याच्या गस्तीच्या गाडीतून, गेले होते. रात्री साडेअकरा, काळी टिंट असलेली गाडी. तो उतरला, चालत गेला आणि जाताना डिकीच्या झाकणावर तळवा दाबला. नंतर विचारलं तर म्हणाला, मावशी, डिकी बंद आहे ना ते कळतं, आणि मला काही झालं तर माझे ठसे त्या गाडीवर राहतात. हे वाक्य तो बर्गर खाता खाता बोलला. मी त्या रात्री झोपले नाही.

त्याच्या मते निम्मी भांडणं पहिल्या वाक्यात ठरतात. ‘गुड ईव्हनिंग, मी अमुक, तुम्हाला अमुक कारणासाठी थांबवलंय.’ हे आधी म्हटलं की माणूस निवळतो. अकॅडमीत शिकवतातही. पण रोज दहा शिव्या खाल्लेला माणूस अकराव्या गाडीला तसं बोलत नाही. ते चूक आहे, तोही म्हणतो. फक्त तो राक्षस नाही एवढंच.

आणि त्याचं स्वतःचं ऐका. ड्यूटी संपवून साध्या कपड्यांत घरी जाताना त्यालाही थांबवलंय, दोनदा. बॅज दाखवल्यावर ‘सर’ झाला.

रातराणी७

मधलीसुट्टी, भाच्याचं म्हणणं आकड्यातही आहे. मी आधी सांगितलेल्या ओकलंडच्या अभ्यासाच्याच गटाचा नंतरचा अभ्यास, २०२३ चा, फक्त काळ्या चालकांच्या स्टॉपवर. शेवटी हातकडी, झडती किंवा अटकेपर्यंत गेलेले स्टॉप पोलिसाच्या पहिल्या ४५ शब्दांतच वेगळे दिसतात. तिथे पोलीस कारण न सांगता हुकुमाने सुरुवात करतो. ‘लायसन्स, बडी’ त्यातलंच.

हळद_कुंकू

निवांतरावांच्या ‘जीभ झिजत नाही’ला उत्तर: फिलांडो कॅस्टिल. मिनेसोटा, जुलै २०१६. काळा माणूस, शाळेच्या कॅफेटेरियात काम करायचा. त्याआधी चाळीसहून जास्त वेळा किरकोळ कारणांनी थांबवलेला, म्हणजे सराव आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त. तो ‘सर’च म्हणाला. सर, माझ्याजवळ बंदूक आहे हे तुम्हाला सांगायला हवं. (बंदूक परवान्याची होती.) क्षणात पोलिसाच्या सात गोळ्या, त्यात तो गेला. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी. पोलीस निर्दोष सुटला.

आणि सँड्रा ब्लँड, तीही काळी, टेक्सास, २०१५. लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून थांबवलं. वॉर्निंग लिहून झाली होती. मग ट्रूपर म्हणाला सिगरेट विझव, ती म्हणाली माझ्या गाडीत मी का विझवू. तिथून ते टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार) दाखवून ‘उतर बाहेर’पर्यंत गेलं, आणि कलमबहाद्दरांनी सांगितलेल्या १९७७ च्या निकालामुळे उतरायला सांगणं कायदेशीरच होतं. तीन दिवसांनी कोठडीतच तिचा मृत्यू झाला. आत्महत्या अशी नोंद आहे.

एकजण नम्र होता, दुसरीने विचारलं. नम्रतेचा विमा सगळ्यांना सारखा लागू होत नाही एवढं तरी मान्य करा.

सडेतोड

मेम्फिसला २०२३ मध्ये टायरी निकल्स या काळ्या तरुणाला मारणारे पाचही पोलीस काळेच होते. ते कुठे बसवायचं?

बिनपाण्याचा

रातराणींनी दिलेल्या पहिल्या अभ्यासात बसतं. पोलिसाच्या रंगाने फरक पडत नाही, असंच तिथे निघालंय. म्हणून प्रश्न चार वाईट गोऱ्या माणसांचा नाही. गणवेशातून कुणाकडे कसं बघायचं हे गणवेशच शिकवतो. आणि तसं तर हार्वर्डचे काळे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स. २००९, केंब्रिज, स्वतःच्या घराचं दार अडकलं होतं ते ढकलून आत गेले. पोलीस आला, घर त्यांचंच आहे हे कळलं, आणि त्यानंतर आरडाओरडा केला म्हणून त्यांना अटक झाली. पाच दिवसांत आरोप मागे. शेवट व्हाइट हाउसच्या आवारात ओबामांबरोबर बिअर पिऊन. इथले पोलीस स्वतःच या प्रकाराला ‘कंटेम्प्ट ऑफ कॉप’ म्हणतात, पोलिसाचा अवमान. कायद्याच्या पुस्तकात असा गुन्हा नाही.

ओसरी

जान्हवी कंदुलाचं कुणी काढलं नाही. सिअ‍ॅटल, जानेवारी २०२३. आंध्रची विद्यार्थिनी, २३ वर्षांची. रस्ता ओलांडताना पोलिसाच्या गाडीने उडवलं. २५ मैलांच्या रस्त्यावर तो ७४ ने चालला होता. नंतर दुसरा एक अधिकारी फोनवर हसत म्हणाला, अकरा हजार डॉलरचा चेक लिहा, ‘लिमिटेड व्हॅल्यू’ होती तिची. स्वतःचा बॉडी कॅमेरा चालू आहे हे विसरून. त्याचं म्हणणं, मी वकिलांची नक्कल करत होतो. असेलही. २०२४ मध्ये त्याला काढलं.

मला गोळ्यांच्या बातम्यांपेक्षा ते हसू जास्त लागलं. आम्ही त्या हसण्यात ‘अरे’ही नव्हतो.

कॅलिफोर्नियाची_काकू

मी सहसा वाचनमात्र असते. लिहू की नको करत चार दिवस गेले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक काळा मुलगा हुडी घालून दारोदार थांबत होता. मी दाराच्या कॅमेऱ्यातला त्याचा फोटो शेजाऱ्यांच्या अ‍ॅपवर टाकला. ‘ओळखतं का कुणी याला?’ एवढंच लिहिलं. पोलिसांना फोन मी केला नाही, पण कुणीतरी केला. दोन गाड्या आल्या. मी पडद्याआडून बघत होते. त्याला कर्बवर बसवलं, पाय पुढे पसरून, घोटे एकमेकांवर. वीस-पंचवीस मिनिटं. त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा होता, तो वाऱ्याने उडायला लागला तर तो पायाने दाबायचा प्रयत्न करत होता, कारण हात हलवायचे नव्हते.

संध्याकाळी माझ्या दाराच्या कडीला त्यातलाच एक कागद सापडला. अंगणातलं गवत कापून मिळेल, वय १६, खाली आईचा फोन नंबर.

मी फोन केला नाही. काय बोलणार होते? सडेतोड, तुम्ही म्हणता आपला संबंध नाही. मॅडिसनमधला तो फोन करणारा माणूस मला अगदी ओळखीचा वाटतो.

सडेतोड

काकू, निरुत्तर. खरंच.

निवांतराव

माझं मत बदललेलं नाही, पण एक भर घालतो. मी दोन मुली वाढवल्या आणि त्यांना ‘सर म्हणा’ एवढंच शिकवलं. का म्हणायचं हे त्यांनी विचारलं तेव्हा ‘मोठ्यांना म्हणतात’ असं सांगितलं. भीती वाटते म्हणून, असं सांगायला पाहिजे होतं. मुलांना ते जास्त पटलं असतं.

कंदीलवाला

सगळ्यांचे आभार. मुलाला धागा वाचून दाखवला, काकूंचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचायला लावला.

काल ड्राइव्हवेत गाडी लावून तालीम केली. आधी मी पोलीस झालो, टॉर्च घेऊन. ‘लायसन्स, बडी’ म्हणताना मलाच हसू फुटलं. मग त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः पोलीस झाला. काचेवर टकटक केली आणि माझ्या तोंडातून लगेच “येस सर, सॉरी सर” निघालं. पोराने टॉर्च बंद केली. “बाबा, मी अजून काही बोललोच नाहीये.”

ठरलं ते असं: हात दिसतील तिथे, कागद ग्लव्ह बॉक्समधून काढून व्हायझरला, काढण्याआधी सांगायचं. ‘ऑफिसर’ म्हणायचं, ‘सर’ नाही, हा त्याचा आग्रह, मला मान्य. थांबवण्याचं कारण एकदा विचारायचं. नाही सांगितलं तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हा माझा आग्रह, त्याला मान्य नाही. त्यावर अजून चालू आहे. तक्रार करायची का, तेही. न्यू जर्सीत निनावी तक्रारसुद्धा घ्यावी लागते असं कळलं. मुलगा म्हणतो निनावी नको, नाव घालून करू. बायको म्हणते आधी कॉलेजचे अर्ज जाऊ देत.

हिंगाष्टक

अवांतर: तो लाल स्टिकर परत कुठे मिळतो? आमच्या मुलीचाही मागचा गेलाय, आज धागा वाचून बघायला गेलो तेव्हा कळलं.

कंदीलवाला

मोटर व्हेइकल कमिशनच्या ऑफिसात, जोडीच घ्यावी लागते. वेल्क्रो असतो. कार वॉशला जाताना काढून ठेवा.